नाताळ सोडूनही लिहा की!

मा. संपादक,
नमस्कार.

मागच्या रविवारी वाचकांच्या पत्रांत एका तरुणाचं चार-पाच ओळींचं पत्र आलं होतं. ख्रिस्ती माणसाने मराठीत लिहून उपयोग काय, आपलं चर्चवाल्यांशिवाय कोणी वाचत नाही आणि पेपरवाल्यांना आपली आठवण फक्त डिसेंबरात येते, असा सगळा सूर. वाचून मला आधी राग आला, मग वाटलं पोरगं खोटं काय बोललंय, आणि मग दुपारी भांडी घासताना पुन्हा राग आला, पण तो त्याच्यावर नव्हता, आमच्याच पिढीवर होता. आम्ही या पोरांना पेटी-तबला शिकवला, वचनं पाठ करून घेतली, नाताळच्या नाटकात मेंढपाळ केलं, पण लिहायचं कसं आणि लिहिलेलं पाठवायचं कुठे हे कुणी सांगितलंच नाही. म्हणून हे पत्र, तुमच्यामार्फत त्याला आणि त्याच्यासारखं वहीत लिहून वही गादीखाली ठेवणाऱ्या सगळ्यांना.

मी अहिल्यानगरची, म्हणजे तोंडात अजून नगरच येतं. एकतीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं, आता रिटायर आहे. फार मोठी लेखिका वगैरे नाही, पण चुका भरपूर केल्यात आणि त्या दुसऱ्याने करू नयेत एवढं वाटतं.

आधी त्या 'उपयोग काय'चं बोलते. दरवर्षी २७ फेब्रुवारीला मराठी दिनाच्या दिवशी सकाळपासून व्हॉट्सअॅपवर ती 'जैसी हरळांमाजि रत्नकिळा' वाली ओवी फिरते, फिरवणाऱ्या निम्म्या लोकांना माहीत नसतं की ती एका इंग्रज पाद्र्याची आहे, फादर स्टीफन्सची, आणि ज्या ग्रंथात ती आहे तो ख्रिस्तपुराण, गोव्यात रायतूरला १६१६ साली छापलेला. म्हणजे आपलं मराठी लिहिणं चारशे वर्षांच्या वरचं झालं. आणि त्या माणसाने काय केलं बघा, येशूची गोष्ट सांगायला त्याने प्रवचन नाही लिहिलं, लोकांच्या कानात आधीच बसलेली ओवी घेतली. बाहेरून आलेल्या माणसाला हे कळलं आणि आम्ही इथेच जन्मलेले, आम्हाला वाटतं ख्रिस्ती लिहायचं म्हणजे इंग्रजी पुस्तकाचं भाषांतर केल्यासारखंच लिहायला पाहिजे.

पुढे आमच्या नगरातच १८४२ ला ज्ञानोदय हे नियतकालिक सुरू झालं. १८५७ ला बाबा पदमनजींचं यमुनापर्यटन आलं, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून ते मानतात, आणि विषय काय तर विधवांचे हाल. ख्रिस्ती माणसाने लिहिली पण गोष्ट अख्ख्या महाराष्ट्राच्या घराघरातली. रेव्हरंड टिळकांची 'केवढे हे क्रौर्य' तर मी वर्गात किती वेळा शिकवली याची गणती नाही, त्या पक्षिणीसाठी पोरांच्या डोळ्यात पाणी यायचं, आणि कवी ख्रिस्ती होते म्हटलं की मागच्या बाकावरून 'खरंच का बाई?' असा प्रश्न ठरलेला. मला त्या प्रश्नाचं कधी वाईट वाटलं नाही. कविता आधी पोचली आणि धर्म नंतर कळला, अजून काय पाहिजे लिहिणाऱ्याला.

तर पहिला सल्ला. उपदेश-मराठी सोडा. ही काय भानगड आहे ते बाहेरच्या वाचकाला सांगायला पाहिजे. आमच्याकडे चर्चमध्ये बोलायची एक वेगळीच मराठी तयार झालेली आहे. 'प्रियांनो, प्रभूने माझ्या जीवनात महान कार्य केले', 'मला आशीर्वादित केले', 'माझ्या अंतःकरणात ओझे दिले'. उपासनेत ती चालते, सवयीची आहे, तिच्यात ऊब पण आहे. पण कागदावर आली की सगळ्यांची साक्ष, म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं, एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटते. कुणाचं दुःख कुणाचं हेच कळत नाही.

एक प्रसंग सांगते, ज्याचा आहे त्याला विचारून सांगतेय, नाव नको म्हणाला. आमच्या चर्चमधला एक ट्रक ड्रायव्हर आहे, चाळिशीचा. साक्ष लिहून आणली, म्हणाला बाई जरा शुद्धलेखन बघा. पहिलंच वाक्य, 'मी पापाच्या अंधकारात जीवन जगत होतो, परंतु प्रभूने मला स्पर्श केला.' शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. मी विचारलं, अंधकारात म्हणजे नक्की काय करत होतास रे? तो लाजला. मग हळूहळू बोलला. गाळपाच्या सीझनला उसाचा ट्रक असायचा, कारखान्याच्या वजनकाट्यावर रात्र रात्र नंबर लागायचा नाही, तिथे शेकोटी करून पत्ते चालायचे, पैसे लावून. एकदा पोरगी न्यूमोनियाने आजारी होती, तिच्या इंजेक्शनचे पैसे खिशात होते ते तिथे उडवले आणि पहाटे घरी येऊन बायकोला सांगितलं, मेडिकल बंद होतं.

मी म्हटलं, पोरगी?

वाचली म्हणाला. बायकोने डोरल्यातला सोन्याचा क्रूस मोडला आणि स्वतः जाऊन इंजेक्शन आणलं. मला काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

अरे मग हेच लिही की! तो म्हणे हे चर्चमध्ये कसं वाचायचं. मी म्हटलं वाचू नको, आधी लिही तर. पंधरा दिवसांनी घेऊन आला, दोन पानं, अक्षर गिचमिड, 'पाप' हा शब्द कुठेच नव्हता आणि 'अंधकार' पण नव्हता, होतं ते 'मेडिकल बंद होतं'. शेवट काय केला होता माहितीये, 'आता नंबर लागेपर्यंत मी केबिनमध्येच झोपतो.' बास. माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत असा शेवट एका पोराने निबंधात लिहिला नाही, त्यात माझाच दोष, मी त्यांना 'म्हणून म्हणतात ना' ने निबंध संपवायला शिकवलं.

त्यामुळे कुणी मला विचारलं की ख्रिस्ती लेखन म्हणजे काय तर मी स्मृतिचित्रे हातात देते. लक्ष्मीबाई टिळकांना शाळा अशी नव्हती, अक्षरओळख घरातच झाली, आणि मराठीतल्या सगळ्यात चांगल्या आत्मचरित्रांत त्यांचं नाव पहिल्या एक-दोनांत घेतात. नवरा, म्हणजे तेच रेव्हरंड टिळक, १८९५ ला ख्रिस्ती झाला, बाई मुलाला घेऊन मागे राहिल्या, काही वर्षांनी परत एकत्र आले. आता हीच गोष्ट आपल्यापैकी कुणी लिहिली असती तर पहिल्या पानापासून 'प्रभूची योजना' सुरू. लक्ष्मीबाई काय करतात, वडिलांच्या सोवळ्याने घर कसं जेरीला आलं ते सांगतात, नवऱ्याच्या विसरभोळेपणाची आणि हात सैल असण्याची थट्टा करतात, स्वतःच्या फजित्या तर इतक्या सांगतात की विचारू नका, आणि दुसऱ्या जातीच्या हातचं खायचं-प्यायचं की नाही यावर स्वतःशी किती झगडावं लागलं तेही लपवत नाहीत. त्या बदलल्या हे आपल्याला दिसतं, त्यांना सांगावं लागत नाही. टिळकांचं अर्धवट राहिलेलं ख्रिस्तायन हे येशूवरचं काव्य पण पुढे त्यांनीच पूर्ण केलं, बरं का, म्हणजे भक्ती कमी होती असं कुणी म्हणू नये.

मात्र वाचून नक्कल करू नका. मी केली होती. तेवीस-चोवीसची असताना 'आमचे हे' करत टिळकांच्या काळातली मराठी लिहिली आणि एका मासिकाला पाठवली, संपादकांनी एकच वाक्य लिहून परत केली, 'आपण कोणत्या साली जन्मलात?'

दुसरं, विषय. पोरं मला म्हणतात लिहायला काही नाही. अहो, आपल्या घरात जेवढं लिहायला आहे तेवढं क्वचित कुठे असेल! आजोबा-पणजोबा कुठल्या वाड्यातून आले, महारवाड्यातून की मांगवाड्यातून, दुष्काळात मिशनच्या दारात कसे गेले, पहिल्यांदा पाटी हातात घेतली तेव्हा गावाने काय केलं, हे आमच्याकडे कुणी मोठ्याने बोलत नाही. आडनावं बदलली, गावं सुटली, पण जात चर्चच्या बाकावर पण येऊन बसतेच, लग्न जमवताना तर हमखास. आणि १९५० च्या आदेशापासून अनुसूचित जातीच्या सवलतीतून आपण बाहेर, पुढे शीख आले, नवबौद्ध आले, आपण अजून बाहेरच, त्यामुळे घरोघरी कागदावरचा धर्म आणि रविवारचा धर्म यांची जी काही ओढाताण चालते त्यावर एक चांगली कथा मला अजून वाचायला मिळालेली नाही. तिकडे वसईवाल्यांकडे वेगळंच, तिथे वाडवळी, कादोडी या बोली आहेत, विहिरी, केळीच्या बागा, आणि बिल्डर. फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी सुबोध बायबल लिहिलं, त्याला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, पण त्यांचं नाव घरोघरी आधी गेलं ते हरित वसईच्या लढ्यामुळे, पाण्यासाठी आणि जमिनीसाठी. पाण्यावर लिहिणं हे पण ख्रिस्ती लेखनच आहे असं माझं मत, कुणाला पटो न पटो.

आणि म्हाताऱ्या माणसांना रेकॉर्ड करून ठेवा, आजच. मोबाईल समोर ठेवायचा आणि विचारायचं, आजी तुझं लग्न कसं झालं. 'तुमचा विश्वासाचा प्रवास सांगा' असं विचारलं की आजी लगेच चर्चची मराठी बोलायला लागते. लग्नात जेवायला काय होतं, लग्न लावायला पाळक कुठून आले, पाऊस आला का, असं विचारायचं. मी माझ्या सासूबाईंना विचारायचं ठेवत ठेवत ठेवलं, आणि राहिलं. त्या पंडिता रमाबाईंनी काढलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये लहानपणी राहिलेल्या होत्या, दौंडजवळचं केडगाव, नगरचं नव्हे. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आयुष्याची शेवटची कितीतरी वर्षं त्यात घातली, साध्या बायकांना वाचून कळलं पाहिजे हा हट्ट, आणि ते छापायचं काम तिथल्या बायकांनीच केलं. सासूबाई खूप नंतरच्या, पण त्यांनी त्या जुन्या बायकांच्या तोंडून काय काय ऐकलेलं असणार. मला फक्त एवढंच आठवतं की त्या पेपर उघडला की आधी वास घ्यायच्या.

आता कामाचं बोलूया, पेपरला पाठवायचं कसं. यात आपली माणसं फार मार खातात. एक, युनिकोडमध्ये टाईप करा, मोबाईलवर करा, बोलून टाईप करा, चालेल, पण ते जुने डीटीपीवाले फॉन्ट नकोत. तुमच्याकडे सुंदर दिसतं आणि संपादकांच्या कॉम्प्युटरवर उघडलं की सगळी इंग्रजी अक्षरं आणि टिंबं. बोलून टाईप केलं तर परत वाचा, माझ्या एका लेखात 'पाळकसाहेब' चे 'पालकसाहेब' झाले आणि 'प्रभुभोजन' चं 'प्रभू भोजन करतात' झालं, तसंच गेलं. वहीच्या पानाचे फोटो काढून पाठवू नका, पीडीएफ पण नको, साधी फाईल. सहाशे-सातशे शब्द. नाताळचा लेख वीस डिसेंबरला पाठवून 'छापला नाही, आपल्याशी दुजाभाव करतात' असं म्हणण्यात अर्थ नाही, पुरवण्या आधीच भरलेल्या असतात, नोव्हेंबरात पाठवा. दिवाळी अंकाचं तर पावसाळ्यातच बघायचं. आणि एकच लेख पाच पेपरना एकदम धाडू नका, दोन ठिकाणी छापून आला की पुढच्या वेळी दोन्हीकडे दार बंद.

आणि मुख्य म्हणजे नाताळचाच लेख कशाला? जूनमध्ये पाठवा. शाळेच्या ॲडमिशनवर पाठवा, एसटीवर पाठवा, भाजीवर पाठवा. तुमचं नाव आणि आडनाव वाचून वाचकाला कळेलच कोण लिहितंय, आणि कळलं नाही तरी काय बिघडलं. ख्रिस्ती माणूस गॅस सिलेंडरच्या रांगेतही उभा असतो हे लोकांना दिसू दे की.

वचनं कमी टाका. पाचशे शब्दांच्या लेखात आठ वचनं म्हणजे लेख बायबलचा आणि मधली जोडणी तुमची. एकच घ्या, ते पण नीट उतरवून, अध्याय-ओवी तपासून, बायबलमधल्या वचनाला आम्ही ओवीच म्हणतो, कारण ख्रिस्ती वाचक बाकी काही वाचो न वाचो, ओवीचा नंबर चुकला की फोन येतो. कोणतं भाषांतर वापरलं ते पुस्तकात लिहा. नव्या भाषांतरांवर हक्क असतात, बायबल सोसायटीसारख्या संस्थांचे, दोन-चार ओव्या ठीक पण पानंच्या पानं घ्यायची असतील तर पत्र लिहून परवानगी घ्यायची, अवघड नाही ते. उलट टिळकांची गाणी, अभंग, बाबा पदमनजी, लक्ष्मीबाई, रमाबाई, हे सगळं आता मोकळं आहे, आपल्याकडे लेखक गेल्यानंतर साठ वर्षं हक्क राहतो आणि टिळक तर १९१९ ला गेले. बिनधास्त घ्या, पण खाली नाव टाका. आमच्या चर्चच्या स्मरणिकेत टिळकांचा अभंग 'संकलित' म्हणून छापला होता, संकलित म्हणे.

बाहेरच्या वाचकाला शब्द अडतात, तेही बघा. 'उपासना', 'मिस्सा', 'नोव्हेना', 'प्रभुभोजन', आपल्यातच कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एकमेकांचे शब्द धड जाणत नाहीत तर बाकीच्यांचं काय. कंसात अर्थ द्यायची गरज नाही, वाक्यातच कळू द्या, 'नऊ दिवस रोज संध्याकाळी नोव्हेनाला जायचो' म्हटलं की कळतं ना.

आता पुस्तक. इथे माझी जखम आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी कवितासंग्रह काढला, पतपेढीचं कर्ज काढून. प्रकाशकाचं नाव सांगत नाही, तो प्रकाशक कसला, पैसे घेऊन छापून देणारा. त्याने सांगितलं पाचशेच्या खाली परवडत नाही, मी म्हटलं बरं. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे म्हणून वेगळे पैसे घेतले. नंतर कितीतरी वर्षांनी कळलं की आयएसबीएन नंबर दिल्लीहून राजा राममोहन रॉय यांच्या नावाची जी सरकारी एजन्सी आहे तिथून फुकट मिळतो, लेखकाला स्वतःच्या नावाने पण मिळतो, अर्ज ऑनलाइन. मुखपृष्ठावर मावळत्या सूर्यासमोर क्रूस, आणि माझं आडनाव ऱ्हस्व. पाचशे प्रती रिक्षातून घरी आल्या त्या कॉटखाली गेल्या, पुढची नऊ वर्षं मी लग्न, बारसं, वाढदिवस, निरोप समारंभ, सगळीकडे कवितासंग्रह दिला, लोक मला बघितलं की आधी हाताकडे बघायचे. कर्ज फेडलं सव्वातीन वर्षांत, पुस्तकं अजून चाळीसेक आहेत, पाहिजे असतील तर सांगा.

तेव्हा बाळांनो, आधी मासिकांत छापून येऊ दे. ज्ञानोदय आहे, कॅथलिकांचं निरोप्या आहे, १९०३ पासूनचं, वसईचं सुवार्ता आहे, आणि बाकीची मराठी मासिकं, पुरवण्या आहेतच, ती काय परक्याची आहेत? पंधरा-वीस लेख छापून आले, अनोळखी लोकांची पत्रं आली की मग पुस्तकाचं बघा. पैसे घालून काढायचं तर शंभर प्रती काढा, आता डिजिटलमध्ये निघतात तेवढ्या. करार कागदावर करा आणि कॉपीराइट लेखकाकडे राहील असं लिहून घ्या. पुस्तकाच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायच्या असतात, १९५४ चा कायदा आहे, ते प्रकाशकाचं काम, तरी पाठवल्या का ते विचारा. आणि पहिलंच पुस्तक असेल तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिथे हस्तलिखित पाठवता येतं. आपल्यातले किती जण पाठवतात? मी विचारलं की सगळे म्हणतात, 'आपल्याला कोण देणार'. न पाठवता?

आता एक नाजूक गोष्ट. हल्ली घरचे म्हणतात लिहू नको, दिवस बरे नाहीत, कुणी म्हणेल धर्मांतराचा प्रचार करते. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. फादर दिब्रिटो साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा पण विरोध झाला होता, तरी जानेवारी २०२० ला धाराशिवला, तेव्हाचं उस्मानाबाद, संमेलन झालं आणि मराठीच्या त्या खुर्चीत एक कॅथलिक धर्मगुरू बसले. मी टीव्हीसमोर बसून बघत होते, शेजारच्या देशपांडेवहिनी पण आल्या होत्या, त्या म्हणाल्या, किती शुद्ध बोलतात हो! मी म्हटलं वहिनी, वसईत काय पोर्तुगीज बोलतात का. दोघी हसलो. असं आहे ते, कौतुकात पण एक आश्चर्य असतंच, त्यावर चिडण्यापेक्षा हसून पुढचं वाक्य लिहावं.

पण आपली पण जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या देवाला नावं ठेवून स्वतःची श्रद्धा मोठी होत नाही, असला मजकूर माझ्याकडे तपासायला आला तर मी सरळ परत देते. आणि ते आजार बरे झाल्याचं. 'प्रार्थना केली आणि गाठ गेली, औषधं फेकून दिली' हे लिहू नका, हात जोडून सांगते. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहेच, पण कायदा बाजूला ठेवा, वाचणारी एखादी बाई खरंच गोळ्या बंद करेल त्याचं काय? प्रार्थना केली, रात्रभर दवाखान्याच्या जिन्यात बसलो, डॉक्टर पहाटे बाहेर आले, हे लिहा. तो जिना कसा होता ते लिहा. वाचणारा प्रार्थना करायची की नाही ते ठरवेल.

आमच्याकडे महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, सात-आठ जण जमतो. चर्चच्या मागच्या खोलीत, जिथे सतरंज्या आणि नाताळची चांदणी ठेवतात तिथे. नियम एकच, आपलं आपण मोठ्याने वाचायचं. तोंडाने वाचलं की खोटं वाक्य जिभेला अडकतं, हे मी नाही शोधलं, पण अनुभव आहे. दोन गृहिणी आहेत, एक नर्स, एक बी.कॉम.चा मुलगा, तो ड्रायव्हर, आणि एक आमच्या चर्चच्या नसलेल्या, शेजारच्या कॉलनीतल्या निवृत्त पोस्टमास्तरीणबाई, त्यांना मी मुद्दाम बोलावते. कारण त्यांना जिथे कळत नाही तिथे आमचं मराठी चर्चचं झालेलं असतं, त्या चष्मा खाली करून विचारतात, 'म्हणजे काय हो?' हा प्रश्न विचारणारं एक माणूस प्रत्येकाने आपल्याजवळ ठेवावं. पाळकसाहेब पण एकदा आले, ऐकून घेतलं, आणि पुढच्या रविवारी त्यांचं प्रवचन दहा मिनिटांनी कमी झालं. योगायोग असेल.

संपादकसाहेब, थोडं तुम्हालाही. तुमचा पेपर मी लग्न होऊन आले तेव्हापासून घेते म्हणून हक्काने बोलते. नाताळला तुम्ही आमच्यातल्या एखाद्याकडून 'प्रेम आणि शांतीचा संदेश' मागवता, दरवर्षी तोच लेख येतो, नावं फक्त बदलतात, तुम्हालाही कंटाळा येत असेल. एखाद्या वर्षी जुलैमध्ये कुणाला तरी विचारा की तुमच्या गल्लीत पाणी किती दिवसांनी येतं. आणि गेल्या वर्षी तुमच्या अंकात एका नगरसेवकाच्या जाहिरातीत 'गुड फ्रायडेच्या हार्दिक शुभेच्छा' छापून आलं होतं, तो आमचा शोकाचा दिवस आहे हो, जाहिरात त्यांची असली तरी नजर तुमची पडली असेलच. 'ख्रिश्चन बांधव' ऐवजी 'ख्रिस्ती' लिहिलंत तर बरं वाटेल, आणि बांधवांबरोबर आम्ही बाया पण असतो.

त्या तरुणाला एवढंच कळवा की त्याचं चार ओळींचं पत्र चांगलं होतं. 'आपली आठवण फक्त डिसेंबरात येते' हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही असतो, तो नगरच्या जवळपासचा असेल तर या पत्रावरून मला शोधणं अवघड नाही, चर्चच्या मागच्या खोलीत बाई कोण बसतात असं विचारलं तरी चालेल. येताना लिहिलेलं काहीतरी आणावं. नाताळवरचं नको.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
अहिल्यानगर

ता. क. सहाशे-सातशे शब्दांत लिहा असं लोकांना सांगून मी हे केवढं लिहून बसले ते आत्ता मोजलं. कापायचं ते खुशाल कापा, माझ्या कवितासंग्रहाचं तर आधी कापा. फक्त वजनकाट्यावरचं तेवढं ठेवा, रविवारी पेपर विकत घेणार आहे म्हणालाय तो.